दुपारच्या मालिकेतील संवाद: सुनेला ठाऊक असलेलेच सासूने तिला पुन्हा का सांगावे?

मलप्रभेकाठची यांचा प्रश्न

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातील एका गावात राहते आणि गेली सहा-सात वर्षे आमच्या महिला मंडळासाठी गणेशोत्सवात व हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात सादर करायच्या एकांकिका लिहिते. दोन महिन्यांपूर्वी ओळखीतून मुंबईच्या एका निर्मिती संस्थेने दुपारच्या वेळेत दाखवल्या जाणाऱ्या मराठी मालिकेसाठी मला नमुन्याचे दोन प्रसंग लिहून पाठवण्यास सांगितले. प्रसंगाची बांधणी त्यांनीच दिली होती. धाकट्या दिराची फी भरण्यासाठी सुनेने सासूकडून मिळालेल्या पाटल्या कोणालाही न सांगता गहाण ठेवल्या आहेत आणि आज सासूला पहिल्यांदा संशय येतो, एवढेच त्यात घडायचे होते. मी मन लावून लिहिले. आठवड्याभरात ते परत आले आणि सोबत एका ओळीचा शेरा होता: "भाषा चांगली आहे, पण यातली सासू बोलत नाही, निवेदन करते."

ज्या संवादावर हा शेरा आला तो असा होता:

"सूनबाई, पाच वर्षांपूर्वी तू लग्न होऊन या घरात आलीस, तेव्हा माझ्या आईच्या पाटल्या मी तुझ्या हातांत घातल्या. माझ्या लेकीलाही ज्या दिल्या नाहीत, त्या तुला दिल्या. आणि आज तुझे हात मोकळे का आहेत?"

माझी अडचण अशी की हे मी अजाणतेपणी लिहिलेले नाही. ज्या बाईने कालचा भाग चुकवला आहे, जिने आजच पहिल्यांदा ही मालिका लावली आहे, तिला पाटल्या कोणाच्या आणि त्यांचे मोल काय हे कळायला नको का? माझ्या सासूबाई दुपारी जेवणे उरकली की तांदूळ निवडत टीव्हीसमोर बसतात आणि मध्येच कोणी हाक मारली की उठून जातात. परत येतात तेव्हा एखादे पात्र मागचे सगळे सांगून देते आणि त्यांचे काही अडत नाही. मी जे टीव्हीवर ऐकते तेच लिहिले, आणि तेच चूक ठरले. मग हा दोष आहे की या प्रकारच्या लेखनाची गरज आहे?

दुसरा प्रश्न भाषेचा. मी नमुना शुद्ध मराठीत लिहिला, परंतु आमच्या घरात कोणीही तसे बोलत नाही. सीमाभागातील मराठी मालिकेत लिहावी का, आणि लिहायची तर किती लिहावी?

संवादमजूर यांचे उत्तर

ताई, मी मूळचा संकेश्वरचा. अकरा वर्षे मुंबईत मालिकांचे संवाद लिहून पोट भरतो आहे, म्हणून नाव असे घेतले आहे. तुम्हाला मिळालेला शेरा बरोबर आहे; मात्र ज्याने तो दिला त्याने कारणही सांगायला हवे होते, कारण ही खोड तुमची एकटीची नाही, सगळ्या धंद्याची आहे.

आधी काम कसे चालते ते सांगतो. श्रेयनामावलीत कथा, पटकथा आणि संवाद अशी तीन नावे वेगळी येतात, ती मानापुरती नसतात. कथालेखक पुढच्या काही महिन्यांचा ट्रॅक आखतो. पटकथाकार प्रत्येक भागातील प्रसंग पाडतो, म्हणजे प्रसंगात कोण आहे, कुठे आहे, काय घडते आणि तो कुठे संपतो हे लिहून देतो. आणि त्यावर माणसांचे बोलणे चढवण्याचे काम संवादलेखकाचे. पटकथा पुष्कळदा आदल्या संध्याकाळी हातात पडते आणि सकाळी सेटवर पाने लागतात. अर्ध्या तासाच्या जागेत जाहिराती वगळून साधारण २२ मिनिटांचा मजकूर लागतो. आठवड्याचे सहा भाग धरले तर १३२ मिनिटे होतात, म्हणजे दर आठवड्याला एका चित्रपटाएवढे बोलणे कोणीतरी लिहून द्यायचे असते, आणि तेही वर्षभर, दिवाळीच्या सुटीशिवाय. अशा घाईत सर्वांत सोपे काय, तर पात्राच्या तोंडी मागची हकिकत घालणे. दीड पान आपोआप भरते. मीही ते केले आहे, इतकेच नव्हे, एकदा मजकूर कमी पडला तेव्हा "काय?" हा एकच शब्द मी चार पात्रांना वाटून दिला होता आणि दिग्दर्शकाने प्रत्येकाच्या तोंडावर कॅमेरा नेऊन माझी लाज राखली होती.

पण तुम्ही जे कारण देता आहात ते खोटे नाही, आणि त्याची मुळे फार मागे आहेत. हा प्रकार टीव्हीवर जन्मलेलाच नाही, तो अमेरिकेतल्या रेडिओवर जन्मला. १९३० साली शिकागोच्या एका रेडिओ केंद्रावर इर्ना फिलिप्स या बाईने घरगुती रोजची मालिका सुरू केली. दिवसा घरात काम करणाऱ्या बायका हा तिचा श्रोतृवर्ग होता आणि अशा मालिकांना पैसा पुरवणाऱ्यांत साबण तयार करणारे कारखानदार पुढे असल्यामुळे 'सोप' हे नाव चिकटले. तिचीच 'गायडिंग लाइट' १९३७ साली रेडिओवर सुरू झाली, १९५२ साली टीव्हीवर गेली आणि २००९ साली थांबली. म्हणजे या जातीच्या लेखनाचा पाया ज्या काळात घातला गेला, त्या काळात बघण्यासारखे काही नव्हतेच, जे होते ते कानासाठी होते. आपल्याकडे दूरदर्शनवर १९९४ साली 'शांती' आणि १९९५ साली 'स्वाभिमान' दुपारी लागू लागल्या, तेव्हाही बाई पडद्यासमोर हात जोडून बसलेली नव्हती. तिच्या हातात काहीतरी काम होतेच.

तेव्हा तुमचा रोग ओळखला गेला आहे, औषध मात्र चुकले आहे. प्रेक्षकाला माहिती द्यायचीच आहे, परंतु ज्याला ती ठाऊक आहे त्यालाच ऐकवून देता येत नाही. दोन्ही पात्रांना एखादी गोष्ट माहीत असेल तर तिचा उच्चार होण्यासाठी त्यांच्यात काहीतरी ताणलेले असावे लागते. भांडणात माणसे जुन्या गोष्टी काढतातच, पण त्या सांगण्यासाठी काढत नाहीत, मारण्यासाठी काढतात. "माझ्या लेकीला दिल्या नाहीत" हे वाक्य तुमच्या सासूच्या तोंडी आज फुकट गेले आहे. तेच नणंद माहेरी आल्यावर, सून पदराखाली हात लपवत असताना, नणंदेच्या तोंडून "आईने मला कुठे दिल्या होत्या" असे हसत हसत आले असते, तर माहितीही मिळाली असती आणि सुनेच्या पोटात गोळाही आला असता.

पुनरुक्तीबद्दलही एक सांगतो, कारण नवे लेखक तिला घाबरतात. दुपारच्या मालिकेत घडलेली गोष्ट किमान तीनदा सांगावी लागते. ती तीन वेगळ्या माणसांनी तीन वेगळ्या हेतूंनी सांगितली तर कंटाळा येत नाही: सासू आपल्या बहिणीला फोनवर सांगेल ती तक्रार असेल, सून नवऱ्याला सांगेल ती अर्धी कबुली असेल आणि दीर दाराआडून ऐकेल तेव्हा त्याला आपल्या फीची किंमत कळेल. ज्या बाईने भाग चुकवला तिला कोणत्याही एका ठिकाणी कथा सापडते, आणि जिने चुकवला नाही तिला प्रत्येक वेळी वाढीव काही मिळते.

शेवटची गोष्ट, लिहिण्याच्या पद्धतीची. ही फिलिप्सबाई संवाद लिहीत नसे, सगळ्या पात्रांचे आवाज स्वतः काढून आपल्या लेखनिकेला उतरवून घ्यायला लावत असे. मी इमारतीच्या जिन्यात बसून तेच करतो. आमच्या घरात रोज रात्री अकराला भांडण होते अशी शेजाऱ्यांची समजूत आहे, ती मी दुरुस्त केलेली नाही.

टेंभुर्णीचे_पान यांचे उत्तर

मी निपाणीची आहे आणि मला लेखनातले काही कळत नाही, परंतु 'संवादमजूर' यांनी कानाचा मुद्दा काढला म्हणून लिहिते आहे. माझी आई विड्या वळते. मजुरी हजार विड्यांवर मिळते, त्यामुळे हात थांबला की पैसा थांबला. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, एका बाजूला भिजवून कापलेली पाने. पान घ्यायचे, तंबाखू भरायची, वळायचे, दोरा गुंडाळायचा आणि तोंड मुडपून विडी बाजूला ठेवायची. हे करताना डोळे वर उचलले तर विडी पोकळ होते आणि ती मोजताना बाजूला काढली जाते. आमच्या गल्लीत दुपारी पाच-सहा बायका एका घरात जमून वळतात आणि टीव्ही चालू असतो. त्या मालिका बघतात असे आपण म्हणतो, पण खरे तर त्या मालिका ऐकतात.

त्यामुळे काही गोष्टी मला लहानपणापासून ठाऊक आहेत. कॅमेरा एकेकाच्या तोंडावर जातो आणि ढणाढण संगीत वाजते, तेव्हा आमच्या घरात काहीच घडत नसते. आई म्हणते, "आता कोणतरी कोणाकडं तरी बघायलंय." ते संपेपर्यंत त्या आपल्या गोष्टी बोलून घेतात. दोन बायकांचे आवाज सारखे असले आणि दोघी एकमेकींना हाक न मारता बोलू लागल्या, तर कोण कोणाला बोलते आहे ते कळत नाही आणि सगळ्याजणी वैतागतात. "अहो जाऊबाई", "काकू", "वन्सं" असे काहीतरी वाक्याच्या सुरुवातीलाच आले की लगेच उलगडते. पात्रांची नावे आईला कधीच आठवत नाहीत. तिच्या लेखी ती थोरली, ती ठसक्याची, तो खोकणारा अशीच माणसे असतात.

'मलप्रभेकाठची' ताईंच्या सासूबाईंप्रमाणे आईही अधूनमधून उठते आणि परत येऊन बसते. तिला मागचे सांगितलेले आवडते. तिला जे आवडत नाही ते वेगळे आहे: एखादी बाई दुःखी आहे हे तिने स्वतः पाच वेळा सांगणे. काय घडले ते पुन्हा सांगा, कसे वाटले ते पुन्हा सांगू नका, असे तिच्या वतीने मी लेखकांना सांगेन. दुःख तिला आवाजावरून कळते.

आणि पाटल्यांविषयी एक. कणीक मळताना पाटल्या परातीवर आपटतात, हे घरात वावरणाऱ्या प्रत्येक बाईच्या कानाला ठाऊक असते. मोकळे हात दिसण्याआधी तो आवाज बंद झालेला कळेल. निदान आमच्या गल्लीत तरी तसेच कळेल.

निवृत्त_मास्तर यांचे उत्तर

चिकोडी तालुक्यातील एका शाळेत मी तीस वर्षांहून अधिक काळ मराठी शिकवले. त्यामुळे दुसऱ्या प्रश्नावर बोलण्याचा थोडा अधिकार माझा मी घेतो. पाटीवर कोणती भाषा असावी या वादात मी येथे शिरत नाही. माणसे घरात काय बोलतात एवढाच विषय आहे.

सीमाभागातील बोली लिहायची म्हटली की लेखक दोन गोष्टी करतात. 'आहे'चे 'हाय' आणि 'नाही'चे 'न्हाय' करतात, आणि अधूनमधून एखादा कन्नड शब्द पेरतात. दोन्ही वरवरचे आहे. जॉन गम्परझ आणि रॉबर्ट विल्सन या दोन अभ्यासकांनी सांगली जिल्ह्यातील कुपवाड या गावातील भाषांचा अभ्यास करून १९७१ साली एक निबंध प्रसिद्ध केला, तो भाषाशास्त्रात आजही वाचला जातो. त्या गावात मराठी, कन्नड, उर्दू आणि तेलुगू बोलणारी माणसे पिढ्यान्पिढ्या शेजारी राहत होती. अभ्यासकांना आढळले असे की शब्द प्रत्येकाने आपापले राखले होते, पण वाक्याची घडण मात्र जवळजवळ एक झाली होती. एका भाषेतील वाक्यातले शब्द काढून त्या त्या जागी दुसऱ्या भाषेचे शब्द बसवले तरी वाक्य चालत असे. आपल्या भागाचे मर्म नेमके हेच आहे. आपली मराठी कन्नडच्या साच्यात बसलेली आहे, तिच्यात कन्नड शब्द किती आहेत हा नंतरचा प्रश्न.

उदाहरण घेऊ. प्रमाण मराठीत "मी चहा केला", कारण क्रियापद चहाप्रमाणे चालते. आपल्याकडे सर्रास "मी चहा केलो" असे ऐकू येते, कारण कन्नडमध्ये क्रियापद कर्त्याप्रमाणे चालते आणि तीच सवय जिभेला लागली आहे. आपल्याकडच्या मुली आणि बायका "मी येते" न म्हणता "मी येतो" म्हणतात, याचे बाहेरच्यांना हसू येते आणि पुण्याला दिलेल्या मुलीला पहिले वर्षभर ते ऐकून घ्यावे लागते. तिसरी गोष्ट म्हणजे वाक्याच्या शेवटचा 'की'. "बस की", "जेवून जा की" यांत आग्रह आहे, जवळीक आहे, आणि थोडा आवाज चढवला तर धाकही आहे. या एका अक्षराने जे होते ते करायला शुद्ध मराठीत एक पूर्ण वाक्य लागते.

नात्यांच्या हाका तर संवादलेखकाला आयत्या मिळालेल्या आहेत. कन्नडमध्ये 'अत्ते' म्हणजे आत्याही आणि सासूही. 'माव' म्हणजे मामाही आणि सासराही. आतेमामेभावंडांत लग्ने होण्याची चाल आपल्याकडे असल्याने कित्येक घरांत सासू ही खरोखरच नवरीची आत्या असते. अशा घरातील सून सासूला "आत्ती" म्हणते तेव्हा त्या हाकेत माहेरही असते आणि सासरही. ताई, तुमच्या प्रसंगातील सासू जर सुनेची सख्खी आत्या असेल, तर पाटल्या ज्या आजीच्या आहेत ती सुनेचीही आजीच झाली, आणि गहाण ठेवण्याची बोच दुप्पट झाली. यासाठी एकही जास्तीचे वाक्य लागत नाही, एक हाक पुरते.

आता एक तक्रार. मालिकांमध्ये बोली कोणाच्या तोंडी असते ते पाहा. घरगडी, मोलकरीण, गावाहून आलेला विनोदी मामा. नायिका आणि तिची सासू मात्र प्रमाण मराठी बोलतात, मग त्या कोणत्याही गावच्या असोत. पु. लं.च्या 'रावसाहेबां'नी बेळगावी बोलण्याला महाराष्ट्रभर प्रेम मिळवून दिले, ते रावसाहेब हास्यास्पद होते म्हणून नव्हे, मोठ्या मनाचे होते म्हणून. पुढे मात्र अनेकांनी त्यांचा सूर तेवढा उचलला आणि मन सोडून दिले. आपल्या घरांत कन्नड मालिकाही पाहिल्या जातात, म्हणून हेही नोंदवतो की टी. एन. सीताराम यांच्या मालिकांतील न्यायालयाचे प्रसंग ऐकताना मला नेहमी जाणवते की वकील आणि साक्षीदार यांची कन्नड वेगवेगळी असते, परंतु साक्षीदाराची कन्नड हसण्यासाठी ठेवलेली नसते.

तेव्हा माझे मत असे की लिहायची तर सासूच्या तोंडी लिहा, जिच्या हातात घराच्या किल्ल्या आहेत तिच्या तोंडी.

संवादमजूर यांचे उत्तर

मास्तरांशी मी बहुतांशी सहमत आहे, फक्त एक व्यवहाराची अडचण मांडतो. "मी ठेवलो" असे बाईच्या तोंडी लिहून पाठवले तर वाहिनीचे लोक ती लेखनातली चूक समजून "मी ठेवले" करतील, आणि त्यांनी नाही केले तर सेटवर नटी करेल. प्रत्येक पानावर टीप देता येत नाही. उलट, नागपूरच्या प्रेक्षकाला कळणार नाही ही जी भीती घातली जाते तिच्यात फारसा अर्थ नाही. २०१६ साली सुरू झालेल्या 'तुझ्यात जीव रंगला' या मालिकेतील नायक कोल्हापुरी बोलत होता आणि ती मालिका राज्यभर पाहिली गेली. प्रेक्षक बोली दोन भागांत शिकतो. अडतो तो मधला माणूस. म्हणून पहिल्या नमुन्यात 'की' आणि 'आत्ती' ठेवावे, क्रियापदांची बोली एखाद-दोन ठिकाणीच ठेवावी, आणि पानाच्या वर एका ओळीत "ही चूक नाही, बोली आहे" असे लिहून टाकावे, असे मी सुचवतो.

मलप्रभेकाठची यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. गेले चार दिवस मी हा प्रसंग गोठ्यात म्हशीसमोर मोठ्याने म्हणून पाहिला, कारण आमच्या घराला जिना नाही. निपाणीच्या ताईंनी सांगितलेला आवाज मी घेतला आहे आणि मास्तरांची हाकही घेतली आहे. सासूला सुनेचे हात दिसूच नयेत म्हणून दोघींच्या मध्ये एक भिंत उभी केली. नवा प्रसंग असा आहे:

(सून स्वयंपाकघरात परातीत कणीक मळते आहे. सासू माजघरात तांदूळ निवडते आहे.)

सासू: आत कणीक मळायलीस की नुसती बसलीस गं?

सून: मळायलोय की, आत्ती.

सासू: तुझ्या हातांचा आवाज येईना झालाय.

सून: पाटल्या काढून ठेवलोय. घट्ट व्हायल्यात.

सासू: माझ्या आईला सैल व्हायच्या त्या. दोरा गुंडाळून घालायची.

(सून मळायची थांबते.)

सासू: मळ की. थांबलीस का?

पाच वर्षे, लग्न, लेकीला न दिलेल्या पाटल्या, हे सगळे मी काढून टाकले आहे. पाटल्या सासूच्या आईच्या आहेत एवढे मात्र राहिले आहे. शेवटचे वाक्य ठेवावे की "दोरा गुंडाळून घालायची" येथेच प्रसंग तोडावा, हे मला ठरवता येत नाही. एकांकिका असती तर मी तेथेच पडदा पाडला असता.

संवादमजूर यांचे उत्तर

ठेवा. रंगमंचावर सून थांबलेली दिसली असती, म्हणून तेथे पडदा चालला असता. येथे तिचे थांबणे कंसात आहे आणि कंस ऐकू येत नाही. "थांबलीस का?" या दोन शब्दांमुळेच ती थांबली हे विड्या वळणाऱ्या बाईला कळेल. शिवाय सासूने चौकशी केलेली नाही, कणीक मळायला सांगितले आहे. संशय आला आहे की नाही हे सुनेलाही नक्की कळणार नाही, आणि तीच उद्याच्या भागाची सोय आहे. एक बारीक सूचना: पहिल्या वाक्यातील 'आत' हा शब्द राहू द्याच, कारण दोघी वेगवेगळ्या खोल्यांत आहेत हे त्या एका शब्दावर उभे आहे.

निवृत्त_मास्तर यांचे उत्तर

'मळायलोय' आणि 'ठेवलोय' दोन्ही ठेवल्याबद्दल अभिनंदन. कोणी दुरुस्त करून परत पाठवले तर मला कळवा. मी माझ्या अक्षरात टीप लिहून देईन.

टेंभुर्णीचे_पान यांचे उत्तर

हा प्रसंग मी काल दुपारी आईला आणि तिच्यासोबत बसलेल्या बायकांना वाचून दाखवला. कंसातले वाचले नाही, सासू आणि सून एवढेही सांगितले नाही, फक्त दोन आवाज काढले. पाटल्या कुठे गेल्या हे तुम्ही त्यात कोठेही लिहिलेले नाही. वाचून झाल्यावर कोणीच काही बोलले नाही, कारण सगळ्यांचे हात चालू होते. मग आईने वर न बघता विचारले, "सोसायटीत ठेवलीया की सोनाराकडं?"